आईच्या मानाची साडी

सुंदरम्मा सोलापुरातल्या विणकर पेठेतून चालत अनाथाश्रमाच्या आवारात आली ती तिथं स्वयंपाक करणाऱ्या केराबाईला एकच गोष्ट विचारायला. तिच्या लेकाचं, येसुदासचं लग्न आश्रमातल्या शिवबाईशी ठरलं होतं. लग्नात वराकडून वधूच्या आईला मानाची साडी द्यायची, ही त्यांच्या घरची रीत. ख्रिस्ती झाल्यावर पुष्कळ काही मागे सुटलं, पण ही रीत त्यांनी ठेवली होती. आणि सुंदरम्मा विकतची साडी देणाऱ्यांतली नव्हती. ती स्वतः मागावर बसून विणणार होती.

"पोरीच्या आईच्या जागी कोण? नेसणारी उंच हाय का ठेंगणी, ते सांगा," ती म्हणाली. "तसा पन्हा धरते. सोमवारी ताणा चढवायचा हाय."

केराबाई ज्वारी पाखडत होती. सूप न थांबवता तिनं सांगून टाकलं, साडी मडमबाईंना द्या, आश्रम त्यांचा आहे. सुंदरम्मानं पदर तोंडाला लावला. मडमबाई ताडासारख्या उंच, त्यांना पुरेल असा पन्हा धरायला तिला भिंत फोडून मोठा माग बसवावा लागला असता. आणि बसवलाच, तर नऊवारी त्या नेसणार कशा, झग्यावरून गुंडाळणार? हसून झाल्यावर मात्र तिनं केराबाईकडे नीट पाहिलं. रविवारी प्रार्थनेनंतर उत्तर न्यायला येते, एवढं बोलून ती गेली.

शिवबाई ओसरीवर बालवर्गाच्या पाट्या पुसत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. त्या दिवसापासून ती केराबाईशी कामापुरतंच बोलू लागली. लग्नात आपल्या आईच्या जागी केराबाईनं उभं राहावं, एवढी एकच तिची इच्छा होती. तीच बाई आपला मान दुसऱ्याच्या पदरात टाकून मोकळी झाली होती.

केराबाईचंही काही कारण होतं. मानमोडीच्या तापाच्या साथीत नवरा आणि तान्हं पोर दोन्ही गेल्यावर ती सांगोल्याकडून भाकऱ्या थापायला म्हणून इथं आली. त्याच साथीनं आश्रम पोरक्या पोरींनी भरून गेला होता. एके दिवशी तापानं फणफणलेली वच्छला नावाची पोर तिच्या मांडीवर पडून तिला "आई" म्हणाली. पाच वर्षांची शिवबाई येऊन आठ दिवस झाले होते. ती धावत आली आणि वच्छलेच्या मनगटाला कडकडून चावली. "हिलाच आई का?" म्हणून जमिनीवर लोळली. तेव्हाच केराबाईनं ठरवलं. कुणा एकीची आई झालं की बाकीच्या दुसऱ्यांदा पोरक्या होतात. तिनं सगळ्यांना बजावलं, हितं आई कुणी न्हाय, मी समद्यांची मावशी. चौदा वर्षं तो नियम तिनं पाळला.

शनिवारी भाकऱ्या थापताना तिनं हेच शिवबाईला समजावून सांगितलं. धाकट्या पोरी बघतील, एकीला आई मिळाली म्हणतील, मग त्यांच्या जिवाला काय वाटेल? शिवबाई चुलीतलं लाकूड पुढं सारत राहिली. मग म्हणाली, "मावशी, वच्छला तुला आई म्हणाली याचा मला राग नव्हता आला. मलाही म्हणायचं होतं. तू आमचं भांडण मिटवलंस, आणि आई म्हणणं दोघींचंही बंद केलंस."

केराबाईच्या हातातली भाकरी परातीतच राहिली. तव्यावरची करपली. आजवर तिनं भाकरी करपू दिली नव्हती.

रविवारी सकाळी धाकट्या पोरींचा वर्ग तिचाच असे. लिहायला तिला जेमतेम येई, पण गोष्ट सांगावी तर तिनंच. त्या दिवशी तिनं वधस्तंभाची गोष्ट घेतली. प्राण जायच्या वेळीसुद्धा प्रभूला आपल्या आईची काळजी होती. जवळ उभ्या असलेल्या शिष्याला त्यानं सांगितलं, ही आता तुझी आई. आईला सांगितलं, हा तुझा मुलगा.

"तिला दुसरी पोरं न्हवती व्हय?" सात वर्षांच्या मायाक्कानं विचारलं.

होती, केराबाई म्हणाली.

"मग ती काय म्हणाली? मला नगं, घरची पोरं रुसतील, आसं?"

पोरी हसल्या. केराबाई हसली नाही. ही गोष्ट तिनं किती वेळा सांगितली होती, पण त्या माउलीच्या मनात काय आलं असेल, हे तिनं कधी स्वतःला विचारलं नव्हतं. "ती काय म्हणाली ते शास्त्रात लिवल्यालं न्हाय," ती सावकाश म्हणाली. "पर गेली त्याच्या घरी. आन् घरची पोरं काय तिला परकी झाली न्हाईत."

प्रार्थना संपल्यावर सुंदरम्मा लिंबाखाली उभी होती. केराबाई तिच्यासमोर जाऊन ताठ उभी राहिली.

"मोजा," ती म्हणाली. "ठेंगणीच हाय मी."

सुंदरम्मानं तिच्या कमरेपासून घोट्यापर्यंत विती टाकल्या आणि माप बोटांवर धरून ठेवलं. मग रंग विचारला. केराबाईला सांगता येईना. विधवा झाल्यापासून तिनं रंग निवडला नव्हता. शिवबाई मागून म्हणाली, "हिरवा. आईला हिरवा आवडतो." केराबाई नाही म्हणाली नाही.

धाकट्या पोरी दारात घोळक्यानं उभ्या होत्या. आता कोण रडणार, कोण कुणाला चावणार, हेच केराबाई बघत होती. मायाक्का पुढं आली आणि तिचा पदर ओढून म्हणाली, "मावशी, तुला आई म्हणायला लगीन ठरावं लागतंय का?"

"न्हाय गं."

"मग कवा म्हणायचं?"

"तुला वाटंल तवा. तुमाला समद्यांनाच."

मायाक्कानं थोडा विचार केला. "आत्ता न्हाय," ती म्हणाली. "भूक लागली की म्हणीन." आणि पोरींना घेऊन चिंचेकडे पळाली.

जेवणाला अजून तासभर अवकाश होता. केराबाई स्वयंपाकघरात गेली, आणि त्या दिवशी तिनं चूल लवकर पेटवली.