मोठ्या बाईंच्या मांडीवरचा बोका

चित्रकाराने तीस वर्षांत न्यायाधीश रंगवले, डॉक्टर रंगवले, एकदा तर एका बाईला तिच्या सहाही मुलांसकट रंगवलं. पण एका बोक्याने त्याला जेवढं छळलं तेवढं कुणीच छळलं नव्हतं.

काम तसं सरळ होतं. मोठ्या बाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि शाळेच्या सभागृहात त्यांचं तैलचित्र लावायचं होतं. पहिल्या दिवशी बाई त्यांच्या घरी खिडकीपाशी खुर्चीत बसल्या, आणि करड्या रंगाचा एक जाडजूड बोका उडी मारून त्यांच्या मांडीवर.

"याला जरा खाली ठेवता?"

"साहेब नसतील तर मीही नाही," बाई म्हणाल्या. बोक्याचं नाव साहेब होतं.

"बाई, चित्र शाळेत लागणार आहे."

"मग? शाळेत काय सगळी शहाणीच येतात?"

चित्रकाराने निमूटपणे कुंचला उचलला. इकडे बाईंचा चेहरा दगडासारखा, ओळखपत्रावरच्या फोटोसारखा. तिकडे साहेब एक मिनिट स्वस्थ बसतील तर शपथ. शेपूट डावीकडे रंगवावी तर ती उजवीकडे. तिसऱ्या दिवशी बोका रंगाच्या पाटीवरून चालत गेला आणि खाली अंथरलेल्या पांढऱ्या चादरीवर निळे पंजे उमटवून आला. "बघा, किती सुबक उमटलेत!" बाई कौतुकाने म्हणाल्या. चित्रकार घरी जाऊन बायकोवर उगाचच खेकसला.

सहाव्या बैठकीला कहर झाला. बोका चित्राच्या घोडीवर चढला आणि कॅनव्हासकडे पाठ करून ऐसपैस बसला.

"अरे, चित्र तू काढतोयस की मी?" चित्रकार ओरडला. "तीस वर्षं घासलीत मी या धंद्यात! ऊठ!"

साहेबांनी जांभई दिली. चित्रकाराने वळून पाहिलं, तर बाई हसू दाबत होत्या. ओठ गच्च मिटलेले, भुवया रागावलेल्या, आणि डोळ्यांत नुसती मिश्किली.

"हलू नका!" त्याने बोक्याला बखोटीला धरून बाजूला केलं आणि दोन तास कुंचला खाली ठेवला नाही. असा चेहरा त्याला कित्येक वर्षांत साधला नव्हता. बोका त्याने दुसऱ्या दिवशी, तो झोपलेला असताना, तासाभरात उरकून टाकला.

अनावरणाला सभागृह गच्च भरलं. पडदा सरकला.

"अय्या, मांजर!"

मग जी झुंबड उडाली! शिक्षक, पालक, संस्थेचे अध्यक्ष, सगळे बोक्यासमोर वाकलेले. "श्वास घेतोय हो अगदी!" "हात फिरवावासा वाटतो!" लोक फोटो काढत होते ते बाईंचा गळ्यापासून वरचा भाग कापून. एका पत्रकाराने विचारलं, "तुम्ही मांजरांकडे कसे वळलात?" सख्खी बायकोसुद्धा म्हणाली, "चेहरा छानच आलाय. पण पोट बघ ना त्याचं, कसं लुसलुशीत!"

"चेहरा बघा!" चित्रकार शेवटी भडकला. "वर बघा की जरा! वर माणूस आहे!"

मोठ्या बाईंनी त्याला दंडाला धरून कोपऱ्यात नेलं.

"इतकी वर्षं ही माणसं माझ्यासमोर आली की खाली मान घालून, काम उरकून पळायची," त्या हळूच म्हणाल्या. "आज बघा, हलायला तयार नाहीत. बोक्याच्या निमित्ताने का होईना. आणि चेहरा मी पाहिलाय. नीट पाहिलाय."

चित्रकाराचा राग अर्धा उतरला, अर्धा तसाच राहिला.

गर्दी पांगल्यावर शाळेची शिपाईबाई तेवढी चित्रासमोर उभी होती. बराच वेळ. तो धीर करून शेजारी जाऊन उभा राहिला.

"बाई हसू दाबतायत," ती म्हणाली. "मी फुलदाणी फोडली होती ना, तेव्हा अश्शाच बघत होत्या. तोंडाने मात्र खूप रागावल्या."

शेवटी कुणीतरी वर पाहिलं होतं.

"पण काय हो," ती पुढे वाकत म्हणाली, "बोक्याच्या या बाजूच्या मिशा राहिल्यात."

त्याने चष्मा लावून पाहिलं. खरंच राहिल्या होत्या.

"स्टूल आणा," तो दात-ओठ खात म्हणाला, आणि कुंचला आणायला घराकडे निघाला.