गालाला लावलेला ब्रश

तीन वर्षं लुक्रीत्साची होडी 'लास्ता' बेटाच्या शर्यतीत शेवटची आली होती. यंदाही तसंच झालं, तर तिचा भाऊ गर्गो ती हॉटेलवाल्याला देऊन टाकणार होता. दारात ठेवून फुलझाडं लावायला. बाबांच्या होडीत माती! लुक्रीत्सा ते होऊ देणार नव्हती.

शर्यतीच्या सकाळी दोघं ब्रश घ्यायला पेरिनाच्या दुकानात गेली. होडीच्या तळाला शेवाळ धरलं होतं. ते काढल्याशिवाय ती पळणार नव्हती.

"हा घे," गर्गोनं तारेचा ब्रश उचलला. "शेवाळाच्या बापाचंही काही चालणार नाही."

लुक्रीत्सा एकेक ब्रश गालावर घासून किती मऊ आहे ते पाहू लागली. तिची आई तसंच करायची.

"अगं, होडी घासायचीय की तोंड?" मागून विंको हसला. तिन्ही वर्षं पहिला आलेला तोच.

"तुझं तोंड घासायचं असतं तर तारेचाच घेतला असता," असं म्हणून तिनं काथ्याचा ब्रश निवडला. गर्गोनं चिडून तारेचा खाली ठेवला, तो विंकोनं उचलला.

उथळ पाण्यात डोलकाठीला दोर बांधून त्यांनी होडी कलती केली. दोर ओढून धरलेला गर्गो कुरकुरत होता. लुक्रीत्सा मात्र फळ्यांच्या रेषेनं बेतानं घासत होती. पाणी आत शिरू नये म्हणून फटींत ठासलेला ताग मधूनमधून बोटानं चाचपत होती.

"विंकोची बघ कशी चकाकतेय!"

"चकाकू दे. तू दोर सोडू नकोस."

दुपारी वारा सुटला. विंको पुढे निघाला. पण सुकाणूला हात लावताच लुक्रीत्साला कळलं, लास्ता हलकी झाली होती. एकेक होडी मागे पडू लागली. भूशिराला वळसा घालताना पाहतात तो, विंकोची माणसं डब्यांनी पाणी उपसतायत! तारेनं शेवाळाबरोबर फटींतला तागही ओढून काढला होता.

"ओढ रे शीड!" लुक्रीत्सा ओरडली. गर्गोनं असं ओढलं की त्याची टोपी समुद्रात गेली. लास्ता पहिली आली.

धक्क्यावर हॉटेलवाला रोपांची पेटी घेऊन ताटकळत होता. "मग ही रोपं कुठं लावू?" त्यानं गर्गोला विचारलं.

"विंकोच्या होडीत लावा," गर्गो म्हणाला. "पाणी आयतंच आहे."