आधीचं संपल्यावर पुढचं

श्रीकांत टिपणीस बँकेच्या बदलीवर कोलकात्याला आले आणि निवृत्तीनंतरही तिथल्या बेहाला भागातच राहिले. माणूस बोलका. मासळीवाल्याशी बंगालीत हुज्जत घालायची, शेजाऱ्यांशी हिंदीत राजकारण करायचं आणि घरी येऊन तेच सगळं बायकोला, कालिंदीबाईंना, मराठीत रंगवून सांगायचं, हा त्यांचा शिरस्ता. एका हिवाळ्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, उजव्या हातातही थोडी ताकद येऊ लागली, पण बोलणं गेलं. समोरच्याचं सगळं कळायचं; उत्तराचे शब्द मात्र ओठांपर्यंत येऊन परत फिरायचे.

त्यांना पुन्हा बोलतं करायला आभादी, एक बंगाली स्पीच थेरपिस्ट, घरी यायच्या. त्या श्रीकांतना 'काकू' म्हणायच्या. बंगालीत काकू म्हणजे काका. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा आजारपणानंतर प्रथमच कालिंदीबाईंना हसू फुटलं होतं.

आभादींनी खूप प्रयत्न केले, बंगालीत आणि हिंदीत. एक दिवस त्या टिपणीसांच्या मुलीला, ऋताला, म्हणाल्या, "यांचे शब्द बहुतेक घरच्या भाषेतून परत येतील, आणि मला मराठी येत नाही. तू अ‍ॅपचे स्क्रीन बनवतेस ना? मग यांच्यासाठी काहीतरी कर."

ऋता सॉल्ट लेकमधल्या एका कंपनीत हेच काम करायची. तिच्या स्क्रीनवर कुठलीही गोष्ट नुसती येत नसे. ती सरकत, उलगडत, उसळी मारत येई, आणि ऑफिसात तिचं त्यासाठी कौतुक होई. तिने घरातल्याच वस्तूंचे फोटो काढले, बाबांचा चष्मा, छत्री, चहाचा कप. प्रत्येक शब्द आईच्या आवाजात रेकॉर्ड केला. मग आपलं सगळं कसब त्यात ओतलं.

सोमवारी तिने जुना टॅब बाबांच्या मांडीवर ठेवला. डावीकडून चष्मा उसळ्या घेत आला, वरून अक्षरं टपटप पडली, भोवती सोनेरी कडं फिरू लागलं आणि त्यातच आईचा आवाज आला, 'चष्मा'. बाबांची नजर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात धावली. मग त्यांनी डोळे मिटले आणि डाव्या हाताने टॅब दूर सारला.

"आवडलं नाही का, बाबा?"

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

ऋताला ते लागलं. स्वयंपाकघरात जाऊन ती ओट्याला टेकून उभी राहिली. कालिंदीबाई भाजी चिरत होत्या. "चांगलं झालंय गं," त्या म्हणाल्या, "पण कुठे बघायचं तेच मलाही कळेना. चष्म्याकडे बघतेय तोवर अक्षरं पडली, ती वाचतेय तोवर माझाच आवाज आला."

ऋताने कोड उघडला. ओळी एकाखाली एक नीट लिहिलेल्या होत्या, पण काँप्युटर पहिला इफेक्ट सुरू करून देत होता आणि तो संपायची वाट न बघता पुढच्या ओळीवर जात होता. सगळे एकदमच धावत होते. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. गजबज छान दिसते म्हणून तिने ती तशीच ठेवली होती.

आधी तिने अंदाजाने मध्ये थोडा थोडा वेळ घातला. तिच्या फोनवर ते जमलं. जुना टॅब मात्र फोटो आणायलाच रेंगाळायचा, आणि चित्राच्या आधी अक्षरं हजर व्हायची. मग तिने अंदाज काढून टाकले. चित्र पुरतं येऊन थांबलं की त्यानेच 'झालं' असं कळवायचं, आणि ते कळल्यावरच अक्षरांनी निघायचं. अक्षरं थांबली की आवाजाने. उसळ्या आणि सोनेरी कडं तिने पुसून टाकलं.

या वेळी आभादीही होत्या. बाबांनी चित्र पाहिलं, शब्द पाहिला, आवाज ऐकला. त्यांचे ओठ 'च'साठी उघडू लागले. तेवढ्यात चष्मा सरकला आणि छत्री आली. बाबांनी गादीवर मूठ आपटली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सगळं एकेक करून आलं, ते छान," आभादी म्हणाल्या, "पण यात काकूंनी बोलायचं कधी?"

"आवाजानंतर थोडा वेळ ठेवलाय," ऋता म्हणाली.

"कोणाच्या हिशोबाने?"

बोलल्या त्या कालिंदीबाई. "मीही हेच करते. ते तोंड उघडतात आणि मीच शब्द सांगून मोकळी होते. त्यांची ती धडपड बघवत नाही मला." आभादींनी त्यांचा हात हातात घेतला.

ऋताने अ‍ॅपमधलं घड्याळच काढून टाकलं. आवाज संपला की पुढे काही नाही. बाबांनी स्वतः चित्रावर बोट ठेवेपर्यंत स्क्रीन स्तब्ध. असा थिजलेला स्क्रीन ऑफिसात दाखवला असता तर अ‍ॅप बिघडलं म्हणून परत आला असता. इथे तिने तो तसाच राहू दिला.

बरेच दिवस काही घडलं नाही. बाबा बघायचे, ओठ हलवायचे आणि मग बोट ठेवायचे. पण टॅब ढकलत नव्हते. कालिंदीबाई शेजारी तोंडावर पदर धरून बसायच्या.

एका सकाळी कपाचं चित्र आलं. शब्द आला. आवाज येऊन गेला. खाली रिक्षावाल्यांचं भांडण चाललं होतं, ते मिटलं तरी बाबा कपाकडे बघतच होते. कालिंदीबाईंनी तोंड उघडलं, तशी ऋताने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सा," बाबा म्हणाले. पुन्हा जुळवाजुळव केली. "साखर."

"अहो, तो कप..." म्हणता म्हणता कालिंदीबाई थांबल्या.

बाबांनी नकारार्थी मान हलवली. डाव्या हाताचं बोट उचलून स्टुलावरच्या खऱ्या चहाकडे केलं. "साखर. नाही."

डॉक्टरांनी साखर बंद केली होती, आणि तेव्हापासून तो मिळमिळीत चहा ते निमूट पीत होते, कारण तक्रार करायला शब्दच नव्हता. कालिंदीबाई हसल्या, मग पदराने डोळे पुसत राहिल्या.

"मिळायची नाही साखर," त्या शेवटी म्हणाल्या.

"का?" बाबांनी विचारलं. अगदी स्वच्छ. आणि पुढचा सगळा वेळ त्या एका शब्दाच्या जोरावर ते भांडत राहिले.

आभादींना हे कळलं तेव्हा त्यांनी ऋताला आधी सावध केलं. वाट लांबची आहे, काही दिवस शब्द पुन्हा दडी मारतील, तेव्हा धीर सोडू नकोस. मग म्हणाल्या, "बागबाजारला माझ्या एक पेशंट आहेत, शाळेत शिकवायच्या. त्यांच्यासाठी हे बंगालीत करशील?"

ऋताने तिथल्या तिथे आभादींना बाबांच्या खोलीतच रेकॉर्डिंगला बसवलं. आभादी भरभर बोलायच्या. तिने त्यांना दोनदा सावकाश घ्यायला लावलं.

"चाबी," आभादी म्हणाल्या.

"किल्ली," पलंगावरून बाबांनी दुरुस्ती केली.

आभादींनी चमकून मागे पाहिलं. बाबा काही विशेष घडलं नसल्यासारखे खिडकीबाहेर बघत होते. ते रेकॉर्डिंग बागबाजारच्या बाईंना उपयोगाचं नव्हतं. ऋताने ते वेगळं ठेवलं आणि आभादींना म्हणाली, "दीदी, परत एकदा."