टेकूवरची बोट

झेली दुपारी झोपली की तिच्या झोपेएवढा वेळ माझा असतो. त्यात कधी भांडी होतात, कधी कपडे वाळत घालून होतात, आणि एखाद्या दिवशी मी नुसती खुर्चीत टेकते तोच आतून हाक येते. त्या सप्टेंबरात मी भांडी तशीच पडू द्यायला लागले. बाळाचा आवाज ऐकू येणारा छोटा डबा खिशात टाकायचा, झेलीचीच पावडर हातांना कोपरापर्यंत चोळायची आणि अंगणापलीकडच्या शेडमध्ये जायचं. फायबर घासताना काचेची बारीक कुसळं उडतात. पावडर असली की ती कातडीत कमी शिरतात.

शेडमध्ये टेकूंवर बोट उभी होती, ‘लेओनी’. शेवंडं, म्हणजे लॉब्स्टर, पकडायची, फायबरची, माझ्या नवऱ्यापेक्षा वयानं मोठी. माझे सासरे युलिस यांनी तिला बायकोचं नाव दिलं होतं. इकडे पूर्व किनाऱ्यावर तशीच रीत आहे. सासरे गेले, पण खऱ्या लेओनी आमच्या शेजारच्याच घरात राहतात. झेली झाल्यापासून मीही त्यांना झेलीसारखंच मेमे, म्हणजे आजी, म्हणते.

“दर उन्हाळ्यात तिला नवा रंग,” मेमे म्हणायच्या. “आणि मला? मला एक लिपस्टिक आणली नाही त्या माणसानं.”

रेमी, माझा नवरा, दोन हिवाळ्यांपूर्वी तिकडे पश्चिमेला, अल्बर्टात, तेलाच्या कामावर गेला. एक हंगाम फार वाईट गेला होता, म्हणून एकदाच जाऊन येतो म्हणाला होता. मग आणखी एकदा गेला. तेव्हापासून बोट पाण्यात उतरली नव्हती, आणि तिच्या उजव्या कुशीला, पुढच्या टेकूच्या जरा वर, तडा गेला होता. वरच्या रंगावर येते तसली केसाएवढी रेघ नव्हती ती. नख आत जात होतं.

ऑगस्टात फोनवर रेमीनं सरळ सांगितलं होतं.

“विमेवाल्यांचा माणूस हातोडी घेऊन येईल. त्यानं बोट पास केली तर मी नोव्हेंबरात येतो आणि शेवंडांचे पिंजरे टाकतो. नाही केली तर विकून टाकू गं. तुम्ही दोघी इकडे या. इथं घरं मिळतात.”

“आणि मेमे?”

त्याच्या मागं कुठलं तरी यंत्र घरघरत होतं.

म्हणून मी तडा घासायला घेतला. काम मला अगदीच नवं नव्हतं. लग्न झालं त्या वर्षी मी रेमीला काचेचं कापड कापून द्यायची, रोलर फिरवायची. तो बोटीच्या अंगावर हातोडीच्या दांड्यानं टकटक करत जायचा आणि कान देऊन ऐकायचा. आतून चांगलं असेल तिथं खणखणीत वाजतं, थर सुटले असतील तिथं ओल्या पुठ्ठ्यासारखं. झेली पोटात होती तेव्हा माझ्या पोटावरही बोटाच्या पेरानं वाजवून बघायचा. “भरीव आहे,” म्हणायचा. “कुठंही पोकळ नाही.”

झेलीचं अंगावरचं दूध तोडलं, त्यानंतरच मी रेझिनच्या, कापड चिकटवायच्या त्या उग्र रसायनाच्या, डब्याला हात लावला. तोपर्यंत ते झाकण उघडायचा धीर होत नव्हता. मुखवटा लावून तडा घासला, कापडाचे थर बसवले, वर पुट्टीसारखी लांबी भरली, पॉलिश कागद मारला, रंग दिला. हात फिरवला तर काही कळेना. माझ्या हातचं पहिलं पूर्ण काम. मी बोटीचा फोटो रेमीला पाठवला. त्यानं ‘छान’चा एक अंगठा पाठवला.

घरी आले की सगळ्यात अवघड वेळ यायची. झेली उठलेली असायची, मेमेंच्या कडेवरून माझ्याकडे दोन्ही हात पसरायची आणि मला मागं सरकावं लागायचं. कपडे ओसरीवरच काढायचे, गार पाण्यानं हात धुवायचे, मग तिला घ्यायचं. तोवर ती दाराच्या काचेला नाक लावून रडायची. आपल्याच मुलीकडे काचेतून बघत, अर्ध्या कपड्यांत मी अंग घासत उभी असायची. तेव्हा वाटायचं, की हे कुणी तरी बघायला हवं होतं. कुणी तरी हसायला हवं होतं याला.

ऑक्टोबर लागला आणि एका दुपारी रंगातून रेघ वर आली.

मी ती बोटानं पुसली. वाटलं, कोळिष्टक असेल. ती रेघच होती, अगदी त्याच जागी. बोटीनं पाण्याचं तोंड पाहिलं नव्हतं, एक लाट तिला लागली नव्हती, जागची हलली नव्हती, आणि उभ्या उभ्या पुन्हा तडकली होती. मी तिथंच खाली बसले. खिशातल्या डब्यातून झेलीचा श्वास ऐकू येत होता. बराच वेळ मी तोच ऐकत राहिले.

मेमेंचा भाचा आंसेल्म धक्क्यावरून येता-जाता डोकवायचा. त्याची स्वतःची बोट नव्हती, दुसऱ्यांच्या बोटीवर हाताखाली जायचा, आणि तोंड मात्र कप्तानाचं. त्यानं रेघ पाहिली आणि शीळ घातली.

“वहिनी, केकवर क्रीम झकास लावलंस. केकच फाटलाय.”

“तू हसायला आलायस का मदतीला?”

“हसायला. मदतीचा मूड सोमवारी असतो.”

त्या रविवारी पाऊस होता आणि झेलीला दात येत होते. घरात तिला काही सुचेना, म्हणून मी तिला बोटीवर नेलं. मेमेही शिडीवरून वर आल्या, एका हातात रापूरचा डबा घेऊन. किसलेल्या बटाट्याची कोंबडी घातलेली ती रापूर त्या मला भरवल्याशिवाय राहत नाहीत. झेलीला तेव्हा दारांचं वेड होतं. दिसेल ते दार उघडायचं, लावायचं, आणि लागलं की टाळ्या. केबिनचं दार मात्र तिला लागेना. तिनं ढकललं, मी ढकललं, वरच्या कोपऱ्यात अडकून बसलं.

“हे असं कसं?” मेमे म्हणाल्या. “युलिसनं हे दार असं बसवलं होतं की करंगळीनं लागायचं. मला दाखवायला त्यानं मांजराकडून लावून घेतलं होतं.”

“ओल धरली असेल.”

“प्लास्टिकला कसली ओल? आपल्या न्हाणीघराचं दार बघ, बर्फ वितळलं की दर वर्षी अडतं. लाकूड काही करत नाही तिथं. जमीन खाली बसते.”

त्या सहज बोलून गेल्या आणि झेलीच्या तोंडात बटाटा घालायला लागल्या. मी मात्र त्या दाराकडेच बघत राहिले. मग डब्यातली सुरी उचलली आणि शिडी उतरले.

बोटीचं खरं वजन खालच्या कण्यावर पेलायला हवं. कणा ओंडक्यांवर बसतो, बाजूचे टेकू बोट कलंडू नये म्हणून नुसते लावायचे असतात. शेडची जमीन खडी-मातीची. पुढच्या बाजूला छपराची पन्हळ फुटली होती, दोन हिवाळे तिथलं पाणी आत झिरपून गोठत आणि सुटत होतं. मी कण्याखाली वाकले आणि पुढच्या ओंडक्यावर सुरी ठेवली. ती कणा आणि ओंडका यांच्या मधून आरपार गेली. ओंडका मातीत खचला होता. बोटीचं पुढचं सगळं ओझं त्या उजव्या टेकूवर आलं होतं, आणि टेकू तिच्या कुशीत, आतून आधार देणारी आडभिंत जिथं नाही नेमक्या तिथं, घुसत होता. तळव्यानं चाचपलं तर खोलगट लागलं. मी थर चढवले होते ते त्या दबलेल्या आकारावरच.

“काय झालं गं?” वरून मेमेंचा आवाज.

“पाण्यानं नाही मोडली, मेमे,” मी म्हटलं. “इथं उभी राहून मोडली.”

वर झेलीनं पुन्हा दार आपटलं.

सोमवारी आंसेल्म खरंच आला, दोन जॅक आणि धक्क्यावरच्या जुन्या तुळया घेऊन. जाड तुळया आडव्या घातल्या म्हणजे ओझं पसरतं, खचत नाही. आम्ही कणा कणाकणानं उचलला. तो जॅक फिरवायचा, मी खाली वाकून बघत “थांब, थांब” म्हणायची.

“लग्नाच्या वेळी तुझी आई असंच म्हणत होती,” तो म्हणाला.

मग टेकू सैल झाला. बोटीची कूस आतून बाहेर आली, आणि कटकन आवाज झाला. माझे थर एका कडेनं उचलून सुटले. आंसेल्मनं माझ्याकडे पाहिलं.

“असू दे,” मी म्हटलं. “ते खोट्या आकारावर चिकटवले होते.”

टेकू आम्ही मागं सरकवला, आतल्या आडभिंतीच्या बरोबर बाहेर. वर जाऊन मी दार करंगळीनं ढकललं. लागलं.

मग पुन्हा सुरुवात. या वेळी तडा पार शेवटापर्यंत खोदला, कडा लांबवर उतरत्या केल्या, उथळ ताटलीसारख्या, म्हणजे नव्या थरांना धरायला जागा मिळते. बाहेरून झालं, मग आतून. आतून करायला झोपायच्या फळीखाली पालथं पडून सरपटत जावं लागतं. तिथं रेमीचा एक लोकरी हातमोजा सापडला, मेमेंनी विणलेला, मासळीच्या पाण्यानं कडक झालेला. तोंडावर मुखवटा होता, वास घेता आला नाही. मी तो खिशात ठेवला, बाळाच्या डब्याशेजारी, आणि कापड रेझिननं भिजवायला लागले. थंडी वाढली होती, रेझिन वाळून घट्ट होईना. झेलीच्या खोलीतला हीटर आणून लावला आणि झेलीला त्या दुपारी मेमेंच्या पलंगावर झोपवलं. थरावर थर बसवत मी रोलरनं हवेचे बुडबुडे काढत गेले. कापड ओलं होऊन पांढऱ्याचं पारदर्शक होतं, तेव्हा खालची जुनी बोट दिसते. मला ते फार आवडतं.

विमेवाल्यांचा माणूस, क्रॉवेल, नोव्हेंबरच्या सुरुवातीला आला. उंच, अबोल, नाकाला थेंब. त्यानं हातोडीनं पूर्ण बोट वाजवली. उजव्या कुशीशी आला, वाजवलं, थांबला, परत वाजवलं.

“हे कुणी केलं?”

“मी.”

“तडा कशानं गेला ते कळलं होतं का?”

मी खालच्या तुळयांकडे बोट केलं. तो वाकला, बघितलं, गुडघे झटकून उठला. “लोक वरवर लांबी भरून मला बोलावतात,” म्हणाला. “चला, पास.” मेमेंनी त्याला बळेबळेच रापूर दिली. त्यानं ती गाडीत बसून खाल्ली.

रेमीची जेवणाची सुट्टी तेव्हा आमच्या दुपारी असायची. मी शेडमधूनच फोन लावला.

“ऐक,” म्हटलं. फोन बोटीला टेकवला आणि हातोडीच्या दांड्यानं वाजवत गेले. जुनं अंग, मग दुरुस्ती, मग पुन्हा जुनं. आवाज बदलला नाही.

“पुन्हा वाजव,” तो म्हणाला.

मी वाजवलं.

“अजून एकदा.”

मी वाजवत राहिले.

“जोसलिन,” तो शेवटी म्हणाला. “तू तो पहिला फोटो पाठवलास ना, त्यावरूनच मला कळलं होतं, तडा परत येणार. असा नुसता भरून राहत नाही तो. मी तुला सांगितलं नाही. बोट पास होणार नाही असं धरून मी इकडे वसंतापर्यंतच्या करारावर सही करून बसलोय.”

माझ्या हातात हातोडी तशीच होती. सांगितलं असतं तर, हे मला विचारायचं होतं. त्याऐवजी मी विचारलं, “मोडता येत नाही?”

“नाही. माझ्या हाताखाली माणसं दिलीयत आता.” मग हळूच, “शेडमध्ये राहू दे तिला. मी आलो की बघू.”

“नाही,” मी म्हटलं. “शेडमध्ये नाही ठेवणार. तिथंच तर ती मोडली.”

शेवंडं पकडायचा परवाना अजून मेमेंच्या नावावर होता. त्यांनी आंसेल्मला बोलावलं, स्वयंपाकघरात उभं केलं आणि म्हणाल्या, “या हंगामात तू नेतोस तिला. ओरखडा आणलास तर तुझ्या आईला सांगेन.” आंसेल्मनं टोपी काढली. त्याचे कान लाल झाले होते.

पिंजरे टाकायच्या दिवशी पहाटेच सगळा गाव धक्क्यावर असतो. बोटींवर पिंजऱ्यांचे डोंगर, बायका-पोरं काठाला, पाद्री थंडीनं गारठलेल्या हातानं पाणी शिंपडत. एकेक बोट भोंगा वाजवून सुटते आणि जिचा माणूस तिच्यावर असेल ती हात हलवते. ‘लेओनी’ निघाली तेव्हा बाकीच्या पोरांचं बघून झेलीही ओरडली, “पापा! पापा!”

“अगं, तो आंसेल्म आहे,” मेमे म्हणाल्या, आणि रुमाल नाकाला लावला. मी हात हलवला. कुणासाठी तरी हलवायलाच हवा होता.

घरी येऊन मी बिनतारी रेडिओ लावून ठेवला. दुपारी खरखरीतून आंसेल्मचा आवाज आला. “वहिनी, लाटा चांगल्या मोठ्या आहेत. फळीखाली हात घालून बघितला. तुझी बाजू कोरडी आहे.”

झेली झोपली होती. मी शेडमध्ये गेले. एवढी मोठी शेड मी कधी पाहिली नव्हती. टेकू मधोमध उभे होते, काही न पेलता. एकेक उचलून भिंतीशी लावत होते तोच फोन वाजला.

“कोरडी?” रेमीनं विचारलं.

“कोरडी.”

त्यानं श्वास सोडला. मागं ते यंत्र होतंच. “वसंताच्या शेवटी हंगाम संपून बोट वर घ्याल तेव्हा मी असेन,” तो म्हणाला. “टेकू मी लावतो.”

“टेकू मी लावेन,” मी म्हटलं. “तू नुसता ये.”

त्यानं काही उत्तर द्यायच्या आत खिशातला डबा कुरकुरला. झेली उठली होती. त्या दिवशी माझ्या अंगावर काचेचं एकही कुसळ नव्हतं. मी धावत गेले आणि ओसरीवर न थांबता तिला तशीच उचलून घेतलं.