पॉलिशवाल्याची शपथ

गोदामात मुंगी शिरायला जागा नव्हती. पूर्वी तिथे सिमेंटच्या गोण्या असत; आता पत्र्याखाली तीनशे माणसं घामाने निथळत उभी होती. मंचावर शपथबाबा, आणि शेजारी आठ दिवसांपूर्वी दारू सोडायची शपथ घेतलेला एक ट्रक ड्रायव्हर.

"शपथेबरोबर दिलेली पुडी रोज खाल्लीस?"

"एक दिवस चुकवली नाही."

"मग आता सगळ्यांसमक्ष शपथ मोड! घे दोन घोट."

ड्रायव्हरने घेतले. बाबांनी दहा मिनिटं प्रवचन लांबवलं. तेवढ्यात ड्रायव्हर कानापर्यंत लालबुंद झाला, छाती धरून धापा टाकू लागला आणि बादलीत ओकला. बाया हुंदके देऊ लागल्या. मग बाबांनी त्याच बाटलीतून स्वतःसाठी ग्लास भरला आणि गटागटा संपवला.

"बाटली तीच, दारू तीच! मग मला का होत नाही? कारण मी शपथच घेतलेली नाही! डॉक्टर देतो गोळी, मी पोटात बसवतो पहारेकरी!"

हे देवकार्य बाबा दिवसातून दोनदा करत, आणि दुसऱ्या खेपेला त्यांचं प्रवचन जरा जास्तच रंगात येई.

गर्दीतल्या इस्त्रीवालीला वाटलं, आपल्याला हवा होता तो साक्षीदार मिळाला. तिचा नवरा लाकडी कपाटांना पॉलिश करायचा. लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवायचे आणि बोळ्याने दिवसभर घासत बसायचं, हे त्याचं काम. संध्याकाळी त्याच्या हातांना, कपड्यांना, केसांनासुद्धा स्पिरिटचा भपकारा यायचा. हा पिऊन आलाय की नुसता कामावरून आलाय, हे तिच्या नाकाला बारा वर्षांत एकदाही कळलं नव्हतं.

तिच्या धाकट्या भावाला हे पटेना. तो अफूच्या नशेतून बाहेर पडला होता आणि दोन वर्षं दवाखान्याची गोळी रोज जिभेखाली ठेवत होता. "ताई, पुडीत काय आहे ते तरी विचार."

"तू मला शिकवू नकोस. एक नशा सोडून दुसरी धरलीस. कुबडी आहे ती!"

"असेल कुबडी. पण चालतोय ना मी?"

पॉलिशवाल्याने शपथ घेतली आणि एकोणीस दिवस खरोखर पाळली. विसाव्या दिवशी कारखान्यात मोठी ऑर्डर होती. ओल्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून खिडक्या बंद. तो घरी आला तो तोंड लाल, पाय लटपटत, आणि उंबऱ्यातच ओकला.

"प्यायलात!"

"अगं, थेंबभरसुद्धा नाही. तुझी शपथ."

"शपथेचं नाव काढू नका! आरशात तोंड बघा!"

त्याने बघितलं आणि तोंडावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाला, "मनात आलं होतं एकदा. मनात आलेलंही चालत नसेल का गं?"

ती बाबांकडे धावली. "पहारेकरी खोटं बोलत नाही, नवरा बोलतो," बाबा म्हणाले. "दोन पुड्या कर." तिने दोन केल्या आणि चार दिवस नवऱ्याशी अबोला धरला. तोही मुकाट्याने खात राहिला. पाचव्या दिवशी कारखान्यातल्या माणसांनी त्याला उचलून दवाखान्यात आणला.

"औषध काय चालू आहे?" डॉक्टरीणबाईंनी धावत आलेल्या इस्त्रीवालीला विचारलं.

"औषध नाही हो. शपथेची पुडी."

भावाने तिच्या पिशवीतली पुडी काढून टेबलावर ठेवली. "आणि डॉक्टर, भाऊजी पॉलिश करतात. बंद खोलीत, दिवसभर स्पिरिटमध्ये."

बाईंनी पुडी उलगडली, बराच वेळ बघितली आणि तपासणीला पाठवली. दुसऱ्या दिवशी अहवाल आला.

"ही दारू सोडवायचीच गोळी आहे, कुटलेली. दारूचं शरीरात आधी एक विष बनतं, मग शरीर ते मोडतं. या गोळीने ते मोडणं थांबतं आणि विष साठतं. स्पिरिट म्हणजे दारूचीच सख्खी बहीण. श्वासातून गेलं, कातडीतून गेलं, तरी पुरतं."

"म्हणजे हे प्यायले नव्हते?"

"नव्हते. आणि बाई, ही गोळी वाईट नाही, मीही देते. पण माणसाला सांगून, हृदय आणि यकृत तपासून, स्पिरिटपासून लांब राहा असं बजावून. यांचं हृदय कमजोर होतं. यांना मी दुसरी दिली असती, दारूची ओढ कमी करणारी."

"तुम्ही प्यायला नव्हता, मला पटलं हो," असं तिने नवऱ्याच्या कानाशी तीनदा सांगितलं. ऐकायला तो शुद्धीवर नव्हता. त्याच दुपारी तो गेला.

तिसऱ्या दिवशी ती गोदामात मंचावर चढली. बाबा सांत्वनाचं काही बोलणार, तोच तिने पुडी पुढे धरली.

"शपथ राहू द्या, बाबा. नुसती पुडी खा. आठ दिवस, माझ्या डोळ्यांसमोर. मग तुमच्याच बाटलीतली ग्लासभर प्या."

"शपथेविना पुडी खाल्ली तर..." बाबा अडखळले.

"मग शपथ घ्या की!" मागून ड्रायव्हर ओरडला.

बाबांनी ना शपथ घेतली, ना पुडी. त्यांचं तोंड लाल नाही, पांढरंफटक पडलं. दवाखान्याच्या अहवालावरून आलेल्या पोलिसांना मंचाखाली खलबत्ता सापडला आणि त्याशेजारी गोळ्यांची रिकामी पाकिटं.

आता इस्त्रीवाली रोज सकाळी भावाला पाण्याचा ग्लास देते आणि "घेतलीस?" एवढंच विचारते. तो "घेतली" म्हणतो आणि तिला ते पटतं.

व्यसन हा आजार आहे, पाप नव्हे. आजाराला औषध लागतं, आणि औषधाला नाव लागतं, देणाऱ्याला जबाबदारी लागते. ज्या पुडीवर नाव नाही ती घरच्या माणसाच्या तोंडात घालू नका. आणि तो "नाही प्यायलो" म्हणाला, तर चमत्काराची साक्ष काढण्याआधी त्याला एवढंच विचारा, आज दिवसभर काय केलंस? इस्त्रीवालीने तेही विचारलं नव्हतं, आणि उत्तर तर तिला बारा वर्षं माहीत होतं.