दशरथरावांचं यार्ड आणि मी

मित्रांनो, दिसायला मी खिशातल्या डायरीएवढी. रंग काळा, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. माझ्या पोटात एक गुळगुळीत चकती गरगर फिरते आणि लोक जे काही जपायला देतात, ते मी त्या चकतीवर ठेवते. हल्लीच्या नखाएवढ्या, बिनआवाजाच्या मंडळींना माझी घरघर ऐकून हसू येतं. येऊ दे. मी बारा वर्षांची आहे आणि आमच्यात हे वय पणजीचं धरतात.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला, पण त्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते खडकीचं क्वार्टर. दीक्षा तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने मला घरी आणलं आणि कॉलेजच्या नोट्स, घरचे फोटो माझ्या हवाली केले. तिचे वडील दशरथराव दारूगोळा कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. कामगाराला अवजार देताना सही घ्यायची, परत घेताना तपासून घ्यायचं, यात त्यांची तीस वर्षं गेली. आई सुंदराबाई मूळच्या भंडाऱ्याकडच्या. पुण्यात इतकी वर्षं राहूनही त्यांनी आपली बोली काही सोडली नव्हती.

वडिलांच्या वाढदिवसाला दीक्षाने एका मोठ्या ऑनलाइन दुकानातून लॅपटॉपवर खेळायचा एक गेम विकत घेतला. मालगाडीच्या यार्डात डबे जोडायचे, रूळ बदलायचे, गाडी वेळेवर सोडायची. दशरथरावांनी आधी नाक मुरडलं आणि मग ते जेवायलाही उठेनात. पुढच्याच रविवारी इंटरनेट गेलं. गेम उघडेना. पडद्यावर एकच पाटी, आधी लॉग-इन करा.

“आपण विकत घेतलाय ना तो?” दशरथरावांनी विचारलं.

“घेतलाय बाबा. पण या दुकानात गेमला कुलूप असतं आणि किल्ली त्यांच्याकडे. अधूनमधून ते खात्री करून घेतात, मगच उघडतात.”

“मग विकलाय कुठे? इश्यू केलाय. उद्या म्हणतील, जमा करा.”

दीक्षाला हसू आलं, पण बोलणं तिला लागलंही. तिने शोधाशोध केली आणि तोच गेम दुसऱ्या, लहान दुकानातून पुन्हा घेतला. तिथे कुलूपच नव्हतं. गेमची अख्खी फाइल उतरवून घ्यायची, हव्या त्या लॅपटॉपवर टाकायची आणि खेळायचं. दशरथरावांचा विश्वास बसेना. “नेटची वायर काढून दाखव,” ते म्हणाले. दीक्षाने वायर काढली. गेम सुरू झाला, गाडीची शिट्टी वाजली. स्टोअरमध्ये नवा माल तपासून पास करताना हलवत असतील तशी त्यांनी मान हलवली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. “ही फाइल हिच्यात ठेव. घरात राहील.” माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मित्रांनो, मी मोठ्या दुकानाची चहाडी करत नाही. तिथे गेमचे ढीग असतात, मित्र भेटतात, गेममधल्या चुका आपोआप दुरुस्त होतात, लॅपटॉप बदलला तरी आपला खेळ कुठवर आला होता ते दुकान लक्षात ठेवतं. लहान दुकानात निवड कमी. काही गेम उशिरा येतात, काही येतच नाहीत, आणि खेळाची नोंद तुमची तुम्हालाच जपावी लागते. दीक्षा पुढे दोन्हीकडे खरेदी करायची. मात्र जो गेम आवडेल, तो बिनकुलपाचा मिळतो का, हे आधी बघायची.

ते रविवार माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. दशरथरावांनी यार्डातल्या फलाटांना आपल्या गावाकडची नावं दिली होती आणि ती सगळी माझ्याकडे होती. एकदा शेजारचा रविराज म्हणाला, “काका, कुलूप नाहीये ना, मग द्या की मलापण कॉपी.” दशरथराव शांतपणे म्हणाले, “आमच्या दाराला कडी नसते दिवसभर. म्हणून तू टीव्ही उचलून नेतोस का?” रविराजने त्याच आठवड्यात स्वतःचा गेम विकत घेतला.

मग दीक्षाला बंगळूरला नोकरी लागली. लॅपटॉप तिच्याबरोबर गेला आणि मी कपाटात राहिले. तीन वर्षांनी दशरथराव निवृत्त झाले, क्वार्टर सोडून धायरीला फ्लॅटमध्ये जायचं ठरलं. सामानाची आवराआवर त्यांनी स्टोअरच्या रिवाजानेच केली. तीन वर्षांत ज्या वस्तूला कुणी हात लावला नाही, ती कंडम, म्हणजे निकामी. तिच्यावर चिठ्ठी चिकटवायची आणि भंगाराच्या खोक्यात टाकायची. त्यांनी मला उचललं, उलटसुलट करून पाहिलं, पण यार्ड माझ्यातच आहे हे त्यांना आठवलं नाही, आणि त्यांनी माझ्यावरही चिठ्ठी लावली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मला कळत होतं. तरी मला फार लागलं. जळलेली इस्त्री आणि मुका रेडिओ यांच्यामध्ये मी सहा वर्षं अंधारात पडून होते.

गेल्या वर्षी दीक्षा बदली घेऊन पुण्यात परतली, आणि त्यानंतर काही महिन्यांतच दशरथरावांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरले. उजवा हात मात्र रुसून बसला. व्यायाम करून घ्यायला तनुजा मॅडम यायच्या. त्या कळकळीने सांगायच्या, “काका, पहिले काही महिने फार मोलाचे असतात. आत्ता बोटं हलवली नाहीत, तर पुढे खूप जड जाईल.” त्यांनी दिलेला मऊ चेंडू दशरथराव कोपऱ्यात भिरकावून द्यायचे, तोही डाव्या हाताने.

“मी काय बालवाडीत आहे?”

“काऊन इतका राग करता जी?” सुंदराबाई म्हणायच्या आणि चेंडू पुन्हा उचलून आणायच्या.

शेवटी तनुजा मॅडमनी विचारलं, “तुम्हाला मनापासून काय करायला आवडेल?” ते पुटपुटले, “यार्ड.”

दीक्षाने लगेच लॅपटॉप उघडला. मोठ्या दुकानात तिच्या नावावर गेम अजून दिसत होता, पण तो सुरू होण्याआधी दुकानाबरोबरच गेम बनवणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरलाही विचारायचा, आणि ती कंपनी कधीच बंद पडली होती. विचारणार कुणाला? लहान दुकानातलं खातं तिने कॉलेजच्या ईमेलवर काढलं होतं. कॉलेज सुटलं तसा तो ईमेलही बंद झाला. तो गेम आता कुठेच विकत मिळत नव्हता.

“बाबा, ती काळी हार्ड डिस्क कुठे आहे?”

दशरथरावांचा चेहरा उतरला. “कंडम केली,” ते म्हणाले. “मीच केली.” आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. हात गेला तेव्हा ते रडले नव्हते.

सुंदराबाईंनी पदराने हात पुसले. “कंडम तुम्ही केलं. भंगारवाल्याला म्या कुठं दिलं?” त्या स्टुलावर चढल्या आणि माळ्यावरून खोकं खाली काढलं. माझी वायर सापडेना. शेवटी कळलं, ती सुंदराबाईंनीच गुंडाळलेल्या एका जुन्या चटईला बांधली होती. सुतळीपेक्षा चांगली टिकते, असं त्यांचं म्हणणं.

मित्रांनो, मला भीती वाटत होती. इतकी वर्षं न फिरलेली चकती फिरेल का? पहिल्यांदा माझ्यातून फक्त टक् टक् आवाज आला. दीक्षाने वायर काढली, पुन्हा लावली. मी होतं नव्हतं तेवढं बळ एकवटलं आणि घरघर सुरू झाली. फाइल सापडली, यार्ड उघडलं. कुणी काही विचारलं नाही. फलाटांची नावंसुद्धा जशीच्या तशी होती.

दशरथरावांनी उजवा हात डाव्या हाताने उचलून माउसवर ठेवला. एक डबा जोडायला त्या दिवशी त्यांना पाऊण तास लागला. दुसऱ्या दिवशीही जवळपास तेवढाच. चमत्कार झाला नाही. पण आता रोज सकाळी ते स्वतःहून खुर्चीत बसू लागले, आणि दोन महिन्यांनी सुंदराबाईंनी दिलेला चहाचा कप त्यांनी उजव्या हातात धरला. थोडा चहा सांडला. त्या माउलीने तो पुसलासुद्धा नाही, नुसती बघत राहिली.

माझी टक् टक् मात्र वाढली. दीक्षाने सांगितलं, “बाबा, हिचे फार दिवस उरले नाहीत.” त्यांनी मला तळहातावर घेतलं, त्याच उजव्या. “मग हिच्यातलं सगळं आज दोन ठिकाणी उतरव,” ते म्हणाले. “आणि हिला टाकायचं नाही. ही माझ्या टेबलावर राहील.”

म्हणून सांगते मित्रांनो, जे आवडीने विकत घ्याल, ते खरंच तुमच्या हाती आलंय का, एवढं घेतानाच बघा. हाती आलं की दोन जागी जपा, कारण माझ्यासारख्यांचा भरवसा नसतो. मला विसरलात तरी चालेल. एखाद्या सकाळी माझी चकती थांबेल, आणि त्या सकाळीसुद्धा दशरथराव खुर्चीत बसून गाडी वेळेवर सोडतील.