न झटकलेला पारा

मी एक जुना काचेचा थर्मामीटर आहे. सध्या या घरात मला 'तो बिघडलेला' म्हणतात. मित्रांनो, मी बिघडलेलो नाही. हा आळ माझ्यावर कोणी घेतला, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचे नाही.

कारखान्यात मला घडवताना माझ्या नळीत, पाऱ्याच्या थेंबाच्या जरा वर, मुद्दाम एक अरुंद जागा ठेवली गेली. तिच्यामुळे एकदा वर चढलेला पारा आपोआप खाली उतरत नाही. मला तोंडातून काढा, डबीत ठेवा, आठवड्याने बघा, आकडा तोच असतो. झटकल्याशिवाय मी काही विसरत नाही.

एका शिवणकाम करणाऱ्या बाईने मला विकत आणले. तिची मुलगी तेव्हा तान्ही होती. त्या मुलीच्या गोवरापासून सर्दीपर्यंत सगळे ताप मी मोजले. मुलगी तिसरीत असताना, गणिताच्या परीक्षेच्या दिवशी, तिने मला गुपचूप चहाच्या कपात बुडवले. माझा पारा थेट शेवटच्या रेघेला जाऊन भिडला. मी फुटलो नाही, हेच नशीब.

आईने मला उजेडात धरले आणि कमरेवर हात ठेवला. "एकशे आठ! अगं, एवढा ताप असता तर खोटं खोटं खोकायला तू उभी तरी राहिली असतीस का?"

मुलगी रडली, परीक्षेला गेली आणि नापासही झाली. संध्याकाळी आईने तिला जवळ घेऊन शिकवले, "आधी पारा बघायचा, मग झटकायचा, मग लावायचा. आणि याला पुन्हा खोटं बोलायला लावायचं नाही. आपल्याला बरं वाटावं म्हणून गोड न बोलणारा या घरात हा एकटाच आहे." त्या दिवशी मला माझ्या पाऱ्याचा अभिमान वाटला होता.

पुढे मुलगी मोठी झाली, नोकरीला लागली. मी कपाटाच्या खणात बटणे आणि सुयांच्या शेजारी पडून राहिलो. वापर नव्हता, पण त्याचे मला दुःख नव्हते. माझी गरज न पडणे हे घराच्या भल्याचेच असते.

मग आईला कर्करोग झाला. केमोची सलाईन सुरू झाली आणि मला पुन्हा बाहेर काढण्यात आले. दुसऱ्या सलाईननंतर दहाव्या दिवशी सकाळी तिला ताप भरला. मी शंभराच्या पुढे तीन रेघा दाखवल्या आणि दोघी मायलेकी तडक इस्पितळात गेल्या. मीही पर्समध्ये होतो. रक्त तपासले, तर पांढऱ्या पेशी फारच कमी झालेल्या. या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. ते नसले की साधा जंतूही घरात घुसून मालक होतो.

डॉक्टरांनी आईला नीट तपासले, औषधाचा पहिला डोस तिथेच दिला आणि काही तास बसवून ठेवले. मग म्हणाले, "तुमची तब्येत तशी चांगली आहे. दाखल न करता घरी गोळ्या घेऊन चालेल. पण अटी पाळाव्या लागतील."

अटी सिस्टरने सांगितल्या. घरात सतत कोणीतरी हवे. दर चार तासांनी ताप बघून वहीत लिहायचा. रोज सकाळी त्या फोन करणार. तीन दिवसांत ताप उतरला नाही, किंवा थंडी वाजली, चक्कर आली, तर फोनची वाट न बघता यायचे. "थर्मामीटर आहे ना घरी, काकू?"

"आहे की. पंचवीस वर्षांचा आहे, पण एकदाही चुकला नाही," आई म्हणाली. सिस्टरने मला स्वतःच्या यंत्राशी ताडून बघितले. आकडा जुळला. मित्रांनो, तेव्हा माझी छाती फुगली होती. कौतुकाने भुलू नये, हे मला कळायला हवे होते.

मुलीने चार दिवसांची रजा काढली. तिची नोकरी नवी होती, अजून कायम व्हायची होती. ही रजाच तिने दहा वेळा माफी मागून मिळवली होती आणि फोनवरचे ते बोलणे आईने दाराआडून ऐकले होते. त्या दुपारपासून आई बदलली.

ताप बघायची वेळ झाली की ती आधी स्वयंपाकघरात जायची. फ्रिजमधले बर्फाचे पाणी तोंडात घेऊन मिनिटभर धरायची, गिळायची, पुन्हा घ्यायची. मग पदराने ओठ पुसून खुर्चीत येऊन बसायची. मुलगी मला त्या गार जिभेखाली ठेवायची. मी काय करणार? मला जे लागते तेच मी सांगतो. अठ्ठ्याण्णव. सत्त्याण्णव. पुन्हा अठ्ठ्याण्णव. मुलगी आनंदाने वहीत लिहायची, सिस्टर फोनवर "छान!" म्हणायच्या. आणि मी जिभेखाली पडल्या पडल्या तिच्या गालांची धग ओळखत होतो. जिने मला खरे बोलायला ठेवले, तिनेच मला खोटा साक्षीदार केले. कुंपणानेच शेत खाल्ले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगी आंघोळीला गेली. आईला हुडहुडी भरली होती. तिला स्वतःलाच भीती वाटली असावी. तिने पाणी न पिता मला काखेत धरले. एकशे दोनच्या पुढे एक रेघ. मग मला झटकायला तिने हात उचलला, पण त्या हातात जोरच नव्हता. एकदा, दोनदा, तीनदा हात नुसताच हलला. न्हाणीघराची कडी वाजली तशी तिने मला डबीत घातले.

चार वाजता मुलीने डबी उघडली. आधी पारा बघायचा, मग झटकायचा. तिने बघितले.

"आई, हे कधीचं?"

आईने पदराने ओले ओठ पुसले. मुलगी स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यावरचा पेला घेऊन आली. त्यात बर्फाचा एक तुकडा अजून विरघळत होता.

"मी चहात बुडवला होता, तर तू केवढी बोलली होतीस मला!"

"तुझी नोकरी जाईल गं माझ्यापायी."

"आणि तू गेलीस तर? त्या नोकरीचं मी करू काय?" मुलीचा आवाज फाटला. तिने सिस्टरना फोन लावला. "आहात तशा निघा, एक मिनिट घालवू नका," असे उत्तर आले.

इस्पितळात पोचेपर्यंत आईचा रक्तदाब उतरला होता. धावपळ झाली, सलाईनमधून औषधे सुरू झाली. रात्री ती जरा सावरली, तेव्हा डॉक्टरांनी वही पुढे धरली. "काकू, इथे सगळं नॉर्मल लिहिलंय. हे कसं?"

आईने मुलीकडे बघितले. मग म्हणाली, "थर्मामीटर जुना आहे हो. बिघडला असेल."

मी मुलीच्या पर्समध्ये होतो, तो आकडा तसाच घेऊन. मुलीची बोटे डबीभोवती घट्ट आवळली. आता ती मला बाहेर काढेल, असे मला वाटले. तिने काढले नाही. डॉक्टरांनी कागदावर लिहिले, 'घरचा थर्मामीटर सदोष.' चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही अशी.

आई नऊ दिवसांनी घरी आली. नोकरीचे म्हणाल, तर साहेब फोनवर एवढेच म्हणाले, "आधी आईकडे बघा." ज्या भीतीपायी ती मरता मरता वाचली, ती एका वाक्याने मिटणारी निघाली. आता घरात नवा, टूं टूं वाजणारा थर्मामीटर आहे. तो लावण्याआधी मुलगी पंधरा मिनिटे आईसमोर बसते आणि तिला पाण्याचा थेंबही घेऊ देत नाही.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. आजार लपवून कोणाचे ओझे हलके होत नाही. आणि तुमच्यासाठी खरे बोलणारा कोणी असेल, तर स्वतःची चूक त्याच्या माथी मारू नका. मला अजून राग आहे, तो मी लपवत नाही.

काल आईने बटण शोधायला खण उघडला. मी हाती लागलो. तिने डबी उघडून मला उजेडात धरले. एकशे दोनच्या पुढे एक रेघ. तिच्या हातात आता जोर आला आहे. सकाळीच तिने एक जाड सतरंजी एकटीने झटकली होती. मला झटकायला तिला एक क्षणही लागला नसता.

तिने मला न झटकता डबीत ठेवले.